नोंद सापडली नाही

उमरगा,
८ ऑक्टोबर २०२५

युसरा,

ब्लॉक करायच्या आधी तू शेवटचं लिहिलं होतंस, "बोलायचं असेल तर पत्र लिही, समद. तुझा राग पोस्टाच्या पेटीत तरी निवतो का बघू." खाली होस्टेलचा पत्ता. मी ठरवलं होतं, नाही लिहायचं. काल तरी पोस्टात गेलोच. पाकीट मागितलं तर खिडकीतली बाई म्हणाली, "नोकरीचा अर्ज का?" म्हटलं, तसंच समजा.

कॉलेज सोडल्याचं मला दुःख नाही. त्या वर्कशॉपच्या सरांची कॉलर मी तुझ्यासाठी धरली. पोरींनी लेथला हात लावू नये असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. आणि तू काय केलंस, माझ्या वतीनं त्यांनाच सॉरी म्हणालीस. ते अजून सलतं.

आता दादामियाँ मामूंच्या दुकानात बसतो. हायवेवर, नाक्याच्या अलीकडं, ट्रकचे स्पेअर पार्ट. गेल्या महिन्यात एक माणूस नकली माल ओळखायचं यंत्र देऊन गेला. तळहाताएवढं, खाली भिंग, वर पडदा. मागं तू काम करतेस त्या कंपनीचं नाव बघितलं आणि मी मामूंना सांगून टाकलं, याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पार्ट भिंगाखाली धरला की हिरवं होतं, "नोंद जुळली". गिऱ्हाईक चहा विसरून बघत राहतं.

समोरचे रामकिसन मिस्त्री मला डॉक्टर म्हणतात. परवा म्हणाले, "डॉक्टर, आमच्या मंडळीला धरा की जरा भिंगाखाली. असली हाय का बघू." दगडाबाई काकू गॅरेजच्या मागनं ओरडल्या, "आधी सोताला धरा म्हणावं. कंपनी तरी कळंल."

ते यंत्र नक्की बघतं काय, ते मला समजावून सांग. तू सांगितलंस तर समजेल. आधी तुझ्याकडूनच सगळं समजायचं.

समद

पुणे,
१४ ऑक्टोबर २०२५

समद, सलाम.

पत्र मिळालं. रूममेटनं विचारलं कुणाचं, मी म्हटलं गिऱ्हाईकाची तक्रार आहे. खोटं नाही बोलले.

सरांना सॉरी म्हणाले, कारण मला त्याच लेथवर पुढची दोन वर्षं काम करायचं होतं. तू कॉलर धरून निघून गेलास. मला तिथंच राहायचं होतं. हे तुझ्या ध्यानातच कधी आलं नाही.

आता यंत्राचं. एका साच्यातून काढलेले दोन पार्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. पण लोखंड थंड होताना, कापलं जाताना त्यावर केसाहून बारीक खड्डे आणि उंचवटे पडतात. ते कुणी ठरवून पाडत नाही, म्हणून कुणाला परत पाडताही येत नाहीत. ज्यानं पार्ट बनवला त्यालाही नाही. कारखान्यात प्रत्येक पार्टच्या एका ठरलेल्या जागेचा फोटो काढून ठेवतात, अंगठ्याच्या ठशासारखा. तुझं यंत्र त्याच जागेचा फोटो काढतं आणि जुळवून बघतं. नकली माल करणारा खोकं छापेल, चकाकणारं स्टिकर छापेल. हे छापू शकत नाही.

मी दिवसभर हेच बघते. पडद्यावर लोखंड मोठं करून बघितलं की डोंगरदऱ्या दिसतात. आपला बालाघाट वरून बघावा तसं. मला हे काम आवडतं. तुला यातलं किती वाचायचंय आणि किती गाळायचंय ते माहीत आहे, तरी लिहिलं.

मामूंशी नीट वाग. भांडू नकोस कुणाशी.

युसरा

उमरगा,
२ नोव्हेंबर २०२५

युसरा,

सोमलिंग गेला. तू ओळखत नाहीस त्याला. आमच्याच वयाचा, ट्रकवर ड्रायव्हर. दुकानात आला की काउंटरवर चढून बसायचा आणि मामूंच्या शिव्या खायचा. गुरुवारी पहाटे नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर त्याचा ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला.

काल ट्रकचा मालक दुकानात आला आणि एक तुटकी स्लॅक काउंटरवर आपटली. स्लॅक म्हणजे चाकापाशी ब्रेक ओढणारी वीतभर लोखंडी दांडी, तुला माहीतच असेल. मधोमध तुटलेली. मालक म्हणाला, "हा तुमचा असली माल. पोरगं खाल्लं." पायरीवर सोमलिंगची आई इरम्मा बसली होती. दुकानाकडं बघत होती.

ती स्लॅक मीच विकली होती. दसऱ्याच्या तोंडावर सोमलिंगचा ट्रक रामकिसन मिस्त्रीकडं लागला होता, तेव्हा मिस्त्री स्वतः घेऊन गेले. विकताना मी भिंगाखाली धरली होती. हिरवं आलं होतं. यंत्रात तारीख आहे.

काल मालकासमोर तुटका तुकडा परत धरला. कंपनीच्या नावाजवळची ती ठरलेली जागा शाबूत होती. लाल आलं. "नोंद सापडली नाही." तीनदा पुसून धरली. तीनदा लाल.

आता तूच सांग. विकताना जुळते, अपघातानंतर जुळत नाही. मधे हात एकाच माणसाचा लागला. असली ठेवून घेतली, नकली बसवली.

मामू म्हणतात, "बेटा, तू जन्मायच्या आधीपासून रामकिसन समोर आहे. तो असलं करणार नाही. जबान सांभाळ." मग काय यंत्र खोटं बोलतं? तुझं यंत्र?

लवकर लिही. मालक रोज येतो, आणि दुकानाचं नाव घेतो.

समद

पुणे,
७ नोव्हेंबर २०२५

समद,

घाईत लिहितेय, पण तू सावकाश वाच.

यंत्र खोटं बोलत नाही. पण ते जेवढं म्हणतं तेवढंच ऐकायचं. "नोंद सापडली नाही" याचा अर्थ "नकली" असा होत नाही. आत्ता दिसणारा पृष्ठभाग आमच्याकडच्या कुठल्या फोटोशी जुळला नाही, एवढाच होतो. पार्ट नकली असला तर असं होतं. जागा खरडली, गंजली, रंगवली, तरी असंच होतं. भिंगाला कारण कळत नाही.

म्हणून तो तुकडा मला पाठव. आमच्याकडं मोठं यंत्र आहे, इथल्या आमच्या सरांना सांगून मी बघून घेते. तोवर कुणाचं नाव घेऊ नकोस. मालकाजवळ नाही, मामूंजवळ नाही. आणि त्या मिस्त्रींना एकदा शांतपणे विचार, बसवण्याआधी पार्टला काय काय केलं.

एक सांगायचं राहतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. माझी मंगनी ठरली. लातूरला शिक्षक आहेत. मला विचारलं होतं, मी हो म्हणाले. तुझ्यावर रागावून नाही. तू चांगला आहेस समद, पण तुझ्याबरोबर माणसाला सारखं दारात उभं राहून वाट बघावी लागते, आता काय फोडून येतोय याची.

तुकडा पाठव.

युसरा

उमरगा,
१३ नोव्हेंबर २०२५

युसरा,

परवा तुझं पत्र आलं. शेवट आधी वाचला. मग वरचं वाचायची गरज राहिली नाही. फोन भिंतीवर मारला, त्याचं काही उरलं नाही. मास्तर. मुबारक असो.

काल संध्याकाळी मी यंत्र आणि तुकडा घेऊन नाक्यावर गेलो. शांताक्काच्या हॉटेलासमोर ट्रक उभे असतात, हैदराबादचे, नागपूरचे, कुठले कुठले. सोमलिंगला ओळखणारे चार-पाच होते, बाकीचे जेवायला थांबलेले. मिस्त्री चहाला आला होता. मी बाकावर चढलो.

म्हटलं, "मिस्त्री, सोमलिंगच्या ट्रकला कुठली स्लॅक बसवली?"

"तुज्याच दुकानची की रं."

"मग जुळत का नाही?" मी सगळ्यांना पडदा दाखवला. लाल.

"मला काय म्हाईत त्यातलं. खंडेनवमीला घासूनपुसून पूजेला मांडली, मग बसवली. खाली उतर, पडशील."

तो "पडशील" म्हणाला ते मला झोंबलं. सगळे हसले ना. मी ओरडलो, "बहाणे सांगू नकोस. असली विकून खाल्लीस, नकली बसवलीस. सोमलिंगला तू मारलंस."

मग कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, यंत्र खरं सांगतं का. मी म्हणालो, हे पुण्यात बनलंय, याला खोटं बोलता येत नाही.

पहिला हात कुणाचा पडला ते दिसलं नाही. मी बाकावरच होतो. पाना होता कुणाच्या तरी हातात. शांताक्का उकळतं पाणी घेऊन धावली म्हणून पांगले. तोवर मिस्त्री ट्रकच्या चाकाशी पडला होता आणि त्याची टोपी मी हातात धरून उभा होतो. ती माझ्या हातात कशी आली मला माहीत नाही. सोलापूरला नेलंय त्याला. डोक्याला लागलंय.

मी हात लावला नाही. शपथेवर सांगतो.

तू खूश राहा.

समद

पुणे,
१७ नोव्हेंबर २०२५

समद,

तू लिहिलंयस, घासूनपुसून पूजेला मांडली. हे ऐकूनही तू बाकावरच उभा राहिलास.

कशानं घासली ते विचार. पॉलिश पेपरनं घासली असेल तर वरचा थर गेला. थर गेला की आमची नोंद गेली. पार्ट तोच राहतो, फक्त आम्हाला तो ओळखू येत नाही. पहिल्या पत्रात मी तुला डोंगरदऱ्यांचं लिहिलं होतं. त्या एवढ्याच असतात, कागदाच्या चार फटकाऱ्यांत सपाट होतात.

आता माझंही ऐक. पत्र टाकल्यावर मला चैन पडेना. मंगनीचं वाचून तू काहीतरी करशील हे मला कळत होतं, तरी एकाच पाकिटात दोन्ही घातलं. बारा तारखेला सकाळी तुला अनब्लॉक करून फोन लावला. बंद. आमच्याकडं दुकानदारांचे नंबर असतात, मामूंचा काढला. रिंग जायच्या आत कापला. फातिमाबी मामी आणि माझी खाला एकमेकींच्या घरातल्या. हाफिज साहेबांची मुलगी, म्हणजे मी, समदला विचारत होती, हे संध्याकाळपर्यंत नळदुर्गात आमच्या घरी पोचलं असतं आणि रात्रीपर्यंत लातुरात. म्हणून कापला. तू नाक्यावर गेलास ती त्याच दिवशीची संध्याकाळ.

तुकडा आजच पाठव. एस.टी.च्या पार्सलनं पाठव, पोस्टानं नको.

युसरा

उमरगा,
२१ नोव्हेंबर २०२५

युसरा,

तुकडा काल पार्सलला टाकला.

सोलापूरला जाऊन आलो. वॉर्डात आत सोडत नाहीत. दगडाबाई काकू बाहेर वऱ्हांड्यात बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, हाकलूनही दिलं नाही. मी विचारलं, खंडेनवमीला ती दांडी कशानं घासली होती.

म्हणाल्या, "पालिश पेपरनं. कशानं घासत्यात? तुज्या दुकानातनं आली तवा कडंला जरा तांबारली व्हती. ह्यांचं आपलं, कुकवाचं बोट कसं लख्ख उमटाया पायजे. पाने, हातोड्या, जॅक, समदं घासलं. ती बी घासली. म्या म्हणलं, परक्याची वस्तू कशाला घासताय, तर म्हणले, ज्याच्या गाडीला लागंल त्याचं बी भलं व्हावं."

मग मला विचारलं, "का रं? घासू न्हाय का?"

दुकानात यंत्र आलं त्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणाला होता, गॅरेजवाल्यांना सांगा, नावाजवळची जागा खरडू नका. मी कुणाला सांगितलं नाही. मी तेव्हा यंत्राच्या मागचं नाव वाचत होतो.

आपल्याकडच्या कुठल्या गॅरेजात खंडेनवमीला लोखंड घासत नाहीत, सांग. आमच्या दुकानातही मामू तराजू घासून हार घालतात.

समद

पुणे,
१ डिसेंबर २०२५

समद,

निकाल सोबत आहे. सरांच्या सहीचा, कंपनीच्या कागदावर. साध्या भाषेत सांगते म्हणजे तू दुसऱ्याला सांगू शकशील.

ठरलेली जागा पॉलिश पेपरनं घासलेली आहे, एकाच दिशेनं, निगुतीनं. पण त्या जागेला लागून स्लॅक बनवणाऱ्या कंपनीचं नाव लोखंडात खोल उमटवलेलं असतं, आणि आमच्या फोटोत तेही येतं. त्या अक्षरांच्या तळाशी पेपर पोचला नाही. तिथला जुना पृष्ठभाग तसाच आहे आणि तो आमच्या फोटोशी जुळतो. तू विकलेली स्लॅक आणि तुटलेली स्लॅक एकच आहे. मिस्त्रींनी काहीही बदललं नाही.

दुसरं, तुटलेल्या बाजू दुसऱ्या विभागानं बघितल्या. दांडी चालताना झिजून तुटलेली नाही. एका दणक्यात तुटली आहे. म्हणजे ट्रक आदळल्यावर. तिच्यामुळं ट्रक आदळला नाही. तो का आदळला ते सोमलिंगलाच माहीत.

सही करण्याआधी सरांनी विचारलं, हा तुकडा कुणी पाठवला, आणि नोंदीशिवाय आत कसा आला. मी खरं सांगितलं, सगळं. पत्रांचंही. माझं इथलं पुढचं काय ते या महिन्यात कळेल. घरी मीच सांगितलं, त्यामुळं आता नळदुर्गाची भीती उरली नाही. ती आधीच सोडली असती तर, हा विचार मी रोज करते. तू तुझा कर.

हा कागद मिस्त्रींना वाचून दाखव. ते शुद्धीवर आले असतील अशी आशा करते.

मला यानंतर पत्र पाठवायचं तर एकच पाठव, हे केल्याचं.

युसरा

उमरगा,
१२ डिसेंबर २०२५

युसरा,

मिस्त्री तीस नोव्हेंबरला गेले. तू निकाल लिहीत होतीस त्याच्या आदल्या दिवशी. मामू खांदा द्यायला गेले. मला म्हणाले, तू येऊ नको.

तुझा कागद आला तेव्हा मामूंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. मग म्हणाले, "समद, हा कुणाला दाखवू नको. मारणारे कोण, पोलिसांना पत्ता नाही. ट्रकवाले होते, गेले. तू हात लावला नाहीस. कागदानं रामकिसन उठणार आहे का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नाही तो. पण रात्री फातिमाबी मामी जेवण वाढताना एवढंच म्हणाल्या, "दगडाबाईला नळावर बायका जागा देत नाहीत. चोराची बायको म्हणतात."

सकाळी ठाण्यात गेलो. बाकावर कोण चढलं, काय बोललं, सगळं सांगितलं. ओळखीचे दोघं होते त्यांची नावं दिली, त्यांच्या आधी माझं दिलं. हवालदार म्हणाला, "तुझ्यावर काय लावायचं ते साहेब बघतील. गाव सोडू नको." उद्या परत बोलावलंय. कपडे घेऊन ये म्हणालेत.

तिथनं इरम्माकडं गेलो. तिनं कागद उलटा धरला, मग परत दिला. म्हणाली, "म्हंजी माज्या लेकराला कुनीच मारलं न्हाय?" मी म्हटलं, नाही. तिला त्यानं बरं वाटलं नाही. मिस्त्रीवर तरी राग धरता येत होता.

मग दगडाबाई काकूंकडं. गॅरेजचं शटर खाली होतं, मागच्या दारानं गेलो. कागद पूर्ण वाचून दाखवला. निगुतीनं घासलेली आहे, हे वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. माजी माफी मागून काय हुनार? मला म्हाईतच व्हतं. नाक्यावर सांग. बाकावर चढून सांगितलं व्हतंस ना, तसंच सांग."

मी म्हटलं, आत्ता जातो. त्या मागून आल्या. रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन.

शांताक्कानं मला बघितलं आणि बाक स्वतःच पुढं सरकवला. मी चढलो. समोर ट्रक उभे होते, तेवढेच, तसेच. पण माणसं ती नव्हती. त्या संध्याकाळी ज्यांनी ऐकलं ते ऐकून, जेवून, आपापल्या वाटेनं निघून गेले होते. उमरग्याचा मिस्त्री नकली पार्ट बसवून ड्रायव्हर मारतो, हे घेऊन. हैदराबादच्या, नागपूरच्या कुठल्या कुठल्या हॉटेलांत ते सांगत असतील. त्यांना मी कुठं गाठू, युसरा. मला एकाचाही नंबर माहीत नाही, गाडीचा किंवा माणसाचा.

मी कागद वाचला. नोंद जुळली, दांडी तीच, मिस्त्रींनी काही बदललं नाही, मी खोटं बोललो. आवाज तेव्हासारखा निघेना. दोघं-तिघं जेवता जेवता बघत होते. एका ड्रायव्हरनं भाकरी मोडली आणि विचारलं, "कोण रामकिसन?"

पलीकडं काकू उभ्याच होत्या.

मी म्हटलं, इथं समोर त्यांचं गॅरेज होतं. आणि परत पहिल्यापासून सांगायला लागलो.

समद